तेरा जणी

२३ जानेवारी २०२२. संध्याकाळी साडेसात वाजता नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या महिला फुटबॉल संघाचा चायनीज तैपेईशी सामना होता. आपण ज्याला तैवान म्हणतो, तो देश क्रीडास्पर्धांत या नावाने उतरतो. सामना झालाच नाही. भारतीय संघातल्या डझनभर मुलींना कोविड झाला होता आणि स्पर्धेचा नियम असा होता की, सामन्यासाठी किमान १३ खेळाडूंची नावे द्यायला हवीत. भारताला तेरा नावे देता आली नाहीत. नियमाप्रमाणे आपण माघार घेतली असे धरले गेले आणि आशियाई महिला चषकाचा यजमान देश घरच्याच स्पर्धेतून बाहेर पडला.

मी नेरूळलाच राहते. शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते आणि मुलींचा फुटबॉल संघ बांधते. त्या स्टेडियमचे दिवे आमच्या गच्चीवरून दिसतात. आशिया खंडातली महिला फुटबॉलची सर्वांत मोठी स्पर्धा अडीच आठवडे महाराष्ट्रात चालली, अंतिम सामना आमच्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर झाला, आणि तरी आजही ती कोणी जिंकली असे विचारले तर खेळाची आवड असलेली माणसेसुद्धा गप्प होतात. त्यांना दोष देत नाही. गटातले सामने प्रेक्षकांविना झाले, शाळा बंद होत्या, घरोघरी कोणी ना कोणी आजारी होते. पण त्या स्पर्धेत जे घडले ते मराठी वाचकाला नीट माहीत व्हावे असे मला फार वाटते.

आधी स्पर्धेविषयी. प्रत्येक खंडाची आपली अशी राष्ट्रीय संघांची फुटबॉल स्पर्धा असते. युरोपची युरो, दक्षिण अमेरिकेची कोपा अमेरिका, आफ्रिकेचा नेशन्स कप. आशियात पुरुषांचा आशियाई चषक १९५६ मध्ये हाँगकाँगला सुरू झाला, महिलांचा १९७५ मध्ये, तोही हाँगकाँगलाच. महिलांच्या स्पर्धेला एक जास्तीचे वजन आहे. पुरुषांच्या विश्वचषकासाठी वेगळी, दोन-दोन वर्षे चालणारी पात्रता फेरी असते. महिलांच्या विश्वचषकाची आशियातली वाट मात्र बहुतेक वेळा याच चषकातून गेली आहे. १९९१ मध्ये पहिला महिला विश्वचषक चीनमध्ये झाला, त्याची आशियाई तिकिटे जपानमधल्या फुकुओका इथे याच स्पर्धेत वाटली गेली. त्यामुळे इथली उपांत्यपूर्व फेरी ही नुसती उपांत्यपूर्व फेरी नसते. त्या नव्वद मिनिटांवर एखाद्या देशातल्या मुलींची पुढची कित्येक वर्षे ठरतात. विश्वचषक खेळलेल्या संघाकडे पैसा येतो, प्रशिक्षक येतात, मुलींना परदेशी क्लबांची दारे उघडतात.

ही पुढची गोष्ट मी दरवर्षी नव्या मुलींना सांगते, आणि दरवर्षी त्यांचा विश्वास बसत नाही. भारत या स्पर्धेत दोनदा उपविजेता होता. १९८० मध्ये ही स्पर्धा केरळात, कालिकतला झाली. भारताने चक्क दोन संघ उतरवले होते आणि त्यातला एक अंतिम फेरीत जाऊन तैवानकडून हरला. १९८१ मध्ये हाँगकाँगला आपण तिसरे आलो. १९८३ मध्ये बँकॉकला पुन्हा अंतिम सामना, या वेळी थायलंडकडून हार. त्याच वर्षी शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू. मग चीन आला. १९८६ पासून १९९९ पर्यंत सलग सात वेळा चीनने हा चषक नेला. चीन, जपान, उत्तर कोरिया या देशांनी मुलींच्या फुटबॉलवर वर्षानुवर्षे मेहनत घेतली. आपण घेतली नाही. २००३ नंतर भारत या स्पर्धेत दिसेनासा झाला, तो थेट २०२२ ला, यजमान म्हणून.

त्या वर्षी स्पर्धा पहिल्यांदाच बारा संघांची झाली. आधी भुवनेश्वर आणि अहमदाबादलाही सामने ठरले होते. पण साथीमुळे संघांचा प्रवास कमी करायचा म्हणून सगळे सामने महाराष्ट्रात आणले गेले: नेरूळचे डी. वाय. पाटील, अंधेरीची मुंबई फुटबॉल अरिना आणि पुण्याचे बालेवाडी. हॉटेल, बस, मैदान, पुन्हा हॉटेल. खेळाडूंना बाहेरच्या कोणाला भेटायचे नाही, असा बंदोबस्त होता.

२० जानेवारीला भारताचा पहिला सामना इराणशी झाला. मी घरी टीव्हीवर पाहिला, आणि माझ्या मुलींनी आपापल्या घरी. मोबाइलवर त्यांचे मेसेज सारखे येत होते. आशालता देवी कर्णधार, गोलमध्ये अदिती चौहान, पुढे मनीषा कल्याण, प्यारी खाखा, बदली म्हणून आलेली डांगमेई ग्रेस. प्रशिक्षक स्वीडनचे थॉमस डेनरबी. चेंडू बराच वेळ भारताकडे होता, पण गोल काही होईना. इराणची गोलकीपर झोहरे कूदाई आपल्याला पुरून उरली. सामना ०-० असा सुटला.

इराणच्या संघाबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. हा त्यांचा या चषकातला पहिलाच सामना होता. २०११ मध्ये ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत, अम्मानला जॉर्डनविरुद्ध त्या मैदानात आल्या, तेव्हा डोक्यावरचे कापड नियमात बसत नाही म्हणून त्यांना खेळू दिले नव्हते. तो नियम पुढे सैल झाला आणि मग रीतसर बदलला. २०२१ च्या पात्रता सामन्यात त्याच जॉर्डनला त्यांनी पेनल्टीवर हरवले. कूदाईने दोन पेनल्टी अडवल्या, तर जॉर्डनच्या संघटनेने ती स्त्री आहे की नाही याचीच चौकशी मागितली. एवढे सोसून ती नेरूळला आली आणि गोलपोस्टसमोर ठाम उभी राहिली. प्रशिक्षक मरियम इरानदुस्तही स्त्रीच. भारताविरुद्धची ती बरोबरी म्हणजे इराणला या चषकात मिळालेला पहिला गुण होता.

आणि तो पुसला गेला. माघार घेतलेल्या संघाचे सगळे सामने रद्द धरायचे, असा नियम. भारताच्या सामन्याबरोबर इराणचा गुणही गेला. पुढे चीनने त्यांना ७-० आणि तैपेईने ५-० हरवले, नि त्या एकही गुण न घेता घरी परतल्या. आपल्याकडे त्या दिवसांत भारताच्या दुर्दैवाबद्दल पुष्कळ बोलले गेले आणि ते बरोबरच होते. त्या मुलींनी कित्येक महिने घरदार सोडून तयारी केली होती. पण इराणच्या त्या गुणाची हळहळ कोणी केलेली माझ्या कानावर आली नाही.

भारत गेला तरी स्पर्धा चालू राहिली. अंधेरीला ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियाला १८-० हरवले. एकट्या सॅम करने पाच गोल केले आणि टिम केहिलचा ५० गोलांचा विक्रम मागे टाकून ती ऑस्ट्रेलियाची, पुरुष-महिला दोन्ही धरून, सर्वाधिक गोल करणारी खेळाडू झाली. आपल्या अंधेरीत, रिकाम्या खुर्च्यांसमोर. एवढ्या मोठ्या फरकाचे सामने मला स्वतःला आवडत नाहीत. हरणाऱ्या मुलींना त्यातून शिकायला फार थोडे मिळते. पण हाच ऑस्ट्रेलिया बालेवाडीला उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाकडून ०-१ हरला. ८७ व्या मिनिटाला जी सो-युनने लांबून असा काही फटका मारला की गोलकीपरच्या हाती काही उरलेच नाही.

त्याच दिवशी, ३० जानेवारीला, त्याच बालेवाडीत फिलिपिन्स आणि चायनीज तैपेई यांचा सामना झाला. फिलिपिन्समध्ये बास्केटबॉल म्हणजे जीव की प्राण. फुटबॉलच्या विश्वचषकात त्यांचा पुरुष किंवा महिला संघ कधीच गेला नव्हता. संघात अमेरिकेत वाढलेल्या, फिलिपिनो आईबापांच्या बऱ्याच मुली होत्या. प्रशिक्षक अॅलन स्टायचिच यांनी त्यांचे लांबलचक शिबिर घेतले होते. सामना १-१ असा सुटला आणि पेनल्टी आल्या. गोलकीपर ऑलिव्हिया मॅकडॅनियलने पेनल्टी अडवल्याच, शिवाय स्वतः जाऊन एक मारली. शेवटची सरिना बोल्डनने मारली आणि ४-३ ने फिलिपिन्स विश्वचषकात गेला. पुढच्या वर्षी वेलिंग्टनला याच बोल्डनच्या हेडरवर त्यांनी यजमान न्यूझीलंडला १-० हरवले. त्या विजयाची सुरुवात पुण्यात झाली, हे पुण्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

व्हिएतनामचेही तसेच. उपांत्यपूर्व फेरीत चीनकडून हरल्यावर उरलेल्या संघांचे आणखी सामने नवी मुंबईत झाले. व्हिएतनामने थायलंडला २-० आणि तैपेईला २-१ हरवून पहिल्यांदा विश्वचषक गाठला. म्हणजे एका स्पर्धेतून दोन नवे देश विश्वचषकात गेले आणि दोघांचेही तिकीट महाराष्ट्रात फाटले.

आता अंतिम सामना, कारण मला जे सांगायचे आहे ते त्यात आहे. चीन उपांत्य फेरीत बालेवाडीलाच जपानसमोर उभा होता. जपान आधीच्या दोन्ही वेळचा विजेता. रिको उएकीने दोनदा जपानला पुढे नेले, दोनदा चीनने बरोबरी साधली. दुसऱ्यांदा तर जादा वेळ संपता संपता, ११९ व्या मिनिटाला, वांग शानशानने. मग पेनल्टीवर ४-३. ही वांग शानशान संघाची कर्णधार. मुळात पुढे खेळणारी, पण गरज पडली की मागे बचावात उतरणारी. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू तीच ठरली.

६ फेब्रुवारीला नेरूळला समोर दक्षिण कोरिया होता. कोरिया पहिल्यांदाच अंतिम फेरीत आला होता, आणि पहिल्या हाफमध्ये सगळे त्यांच्या मनासारखे झाले. २७ व्या मिनिटाला चोई यु-रीचा गोल, हाफटाइमच्या तोंडावर जी सो-युनची पेनल्टी. २-०. इथे चीनच्या प्रशिक्षक शुई छिंगशिया यांनी काय केले ते पाहा. या बाई स्वतः खेळाडू म्हणून हा चषक जिंकलेल्या, आणि संघ हाती घेऊन त्यांना जेमतेम दोन-तीन महिने झाले होते. त्यांनी बाकावरच्या मुली उठवल्या. दुसऱ्या हाफमध्ये झांग लिनयान आत आली. ही मुलगी इतकी लहान चणीची, की कोरियाच्या बॅकच्या शेजारी उभी राहिली तर शाळकरी वाटावी. ६८ व्या मिनिटाला तांग जियालीने पेनल्टीवर एक गोल फेडला. चारच मिनिटांनी तांगच्या क्रॉसवर झांगने डोक्याने गोल केला. मैदानातल्या सर्वांत बुटक्या मुलींपैकी एकीने, हेडरने! आणि जादा मिळालेल्या मिनिटांत, ९०+३ ला, बदली म्हणून आलेल्या श्याओ युयीने तिसरा. ३-२. चीनचा नववा चषक.

त्या रात्री मी मुलींना लिहिले, आजची मॅच कोणी जिंकली ते बघा. मागच्या दोन गोलांपैकी एकही सुरुवातीच्या अकरा जणींपैकी कोणाचा नव्हता.

मला या स्पर्धेतून दिसलेली गोष्ट हीच. यजमान संघ तेरा जणी उभ्या करता आल्या नाहीत म्हणून गेला आणि विजेता संघ बाराव्या-तेराव्या मुलींच्या जोरावर जिंकला. भारताच्या बाबतीत तो आजार होता, कोणाच्या हातात नव्हता, हे मला कळते. तेवीस जणींतल्या डझनभर आजारी पडल्या तर कुठलाही संघ कोलमडेल. पण तेरा हा आकडा आमच्यासारख्यांच्या छातीत का रुततो, ते सांगते.

शाळेच्या स्पर्धेचा फॉर्म माझ्यासमोर येतो तेव्हा सातवी-आठवीच्या मुलींची नावे भराभर लिहून होतात. नववीला लेखणी अडखळते. दहावीच्या मुलींची नावे शोधावी लागतात. क्लास पाचला, मैदान मिळते पाचला. मैदानाचा मोठा भाग क्रिकेटकडे, आम्हाला कोपरा. कपडे बदलायला जागा नाही, मैदानाजवळ धड स्वच्छतागृह नाही, आणि पाळीच्या दिवसांत मुलगी घरी का थांबते याचे उत्तर तिथेच आहे. स्टड्स महाग. आमच्याकडे एकाच मापाच्या पायाच्या दोन मुली एक जोडी वाटून घेतात. हाफटाइमला एक बसून लेस सोडते, दुसरी तिच्यासमोर अनवाणी उभी. मग आई येते. चांगली, समजूतदार आई असते. म्हणते, "मॅडम, दहावीचं वर्ष आहे हो. परीक्षा झाली की परत पाठवते." ती मुलगी सहसा परत येत नाही. वर्षभर चेंडूला पाय लागला नाही की वेग जातो, मैत्रिणी पुढे गेलेल्या असतात, मुलीला संकोच वाटतो.

फुटबॉलच्या नियमात सात जणी असल्या तरी सामना सुरू करता येतो. एका स्पर्धेत आमच्यासमोरची शाळा नऊ मुली घेऊन आली होती. त्यांचे सर कागद हातात धरून अवघडून उभे होते. आम्ही दोघी बाहेर बसवल्या आणि नऊ विरुद्ध नऊ खेळलो. सामना छान झाला. पण दोन्ही बाकांवर मिळून बदली मुली किती होत्या, तर दोनच, त्याही आमच्या. जिल्ह्यात ही तऱ्हा असेल तर राज्याच्या संघासाठी निवड कशातून करायची? आणि राज्यात निवडायला मुली नसतील तर देशाला बाराव्या, तेराव्या, विसाव्या मुली कुठून मिळतील?

म्हणून आमच्याकडे एक शिस्त आहे. सरावाच्या प्रत्येक सामन्यात प्रत्येक मुलीला खेळायला मिळते, आणि दोन गोलकीपर तयार करायच्याच. एखादा सामना त्यामुळे हातचा जातो, जाऊ दे. जी मुलगी महिनोन्महिने बाकावर बसते तिला घरचे "तू तर खेळतच नाहीस, मग जातेस कशाला" असे विचारतात, आणि तिच्याकडे उत्तर नसते. मी कोल्हापुरात वाढले. तिथे तालमींचा फुटबॉल, शाहू स्टेडियमची गर्दी, पेठापेठांची चुरस लहानपणापासून पाहिली. तालमीचा राखीव खेळाडूसुद्धा पेठेत ताठ मानेने फिरतो. मुलींच्या वाट्याला तो मान आला, तर त्या टिकतील यात मला शंका नाही.

भारताच्या महिला संघाने पुढे काय केले, तेही सांगायला हवे. २०२६ च्या ऑस्ट्रेलियातल्या चषकासाठी पात्रता फेरी थायलंडमध्ये चिआंग माईला झाली. या वेळी यजमान म्हणून आयती जागा नव्हती. क्रिस्पिन छेत्री यांच्या संघाने मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-० आणि इराकला ५-० हरवले. शेवटचा सामना यजमान थायलंडशी. क्रमवारीत आपल्यापेक्षा बरेच वर, २०१५ आणि २०१९ चे विश्वचषक खेळलेला हा संघ. १९८३ च्या अंतिम सामन्यात आपल्याला हरवणाराही हाच. ५ जुलै २०२५ ला संगीता बासफोरने दोन गोल केले आणि भारत २-१ ने जिंकला. पात्रता फेरी खेळून, जिंकून भारतीय महिला या चषकात पहिल्यांदाच गेल्या.

आईबापांना माझी एक विनंती आहे. मुलगी दहावीला गेली म्हणून तिला मैदानावरून काढू नका. आठवड्यातून तीन संध्याकाळी तासभर तरी पाठवा. अभ्यास बुडत नाही, हे मी इतक्या मुलींबाबत पाहिले आहे. शाळांनी मैदानाचे वेळापत्रक काढताना मुलींचे तास आधी लिहावेत, मग बाकीचे. आणि तुमच्या गावात, तालुक्यात मुलींचा फुटबॉल सामना असेल तर जाऊन बघा. बहुतेक ठिकाणी तिकीट नसते.